कानपिळी आणि तंबू

आबा,

कॅनडाहून पार्सल आलं होतं, तिथूनच सांगायला घेते. आत एक जाड लोकरीची पांढरी घोंगडी होती, निळ्या काठाची. एक गवताची वेणी, बायकांच्या केसांसारखी तीन पेडांची, वास नव्या तांदळासारखा गोड. हरणाच्या कातड्याचे मऊ जोडे, वरून मणी गुंफलेले, बरोबर माझ्या पायाच्या मापाचे. आणि एका कागदावर तंबूचं चित्र, मापांसकट. कस्टमचे साडेनऊशे रुपये पोस्टमनने उंबऱ्यातच मागितले. तुमचे जावई आतून ओरडले, "मागवलं कोणी? परत पाठव." मी डाळीच्या डब्यातले काढून दिले आणि जोडे आधी देवापुढे ठेवले. कातडं देव्हाऱ्यात चालत नाही हे मला कळतं. पण कुण्या परक्या म्हातारीने माझ्या पायाचं माप मागवून हाताने शिवून पाठवलं, ते दारात चपलांच्या ओळीत कसं ठेवायचं?

तुम्ही तुमच्या नातीला पाहिलं नाही. तुम्ही गेलात त्याच्या पुढच्या वर्षी ती झाली. ती तिकडे दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला आहे आणि तिने तिकडचाच मुलगा बघितला. त्याचे लोक तिथले मूळचे, गोरे यायच्या आधीपासूनचे. त्यांना ब्लॅकफूट म्हणतात, म्हणजे काळे पाय. रानातलं गवत पेटलं की त्या राखेतून चालून त्यांच्या जोड्यांचे तळ काळे व्हायचे, म्हणून ते नाव पडलं असं मुलीने फोनवर सांगितलं. मला लगेच आपली काळी जमीन आठवली आणि उन्हाळ्यात कापसाच्या पऱ्हाट्या जाळून घरी यायचात तेव्हाचे तुमचे पाय. तुमच्या जावयांनी लग्नाला नाही म्हटलं नाही. कॅनडाचा जावई, लोकांना सांगायला बरं. फक्त लग्न जळगावला आणि आपल्या रीतीने, एवढंच बोलले. मुलगी म्हणाली, अर्ध्या रीती त्यांच्या, अर्ध्या आपल्या.

त्यांच्या रीती ती मला एकेक करून सांगायची आणि मी भाजी निवडता निवडता ऐकायची. आपल्याकडे नवरानवरीच्या मध्ये आंतरपाट धरून तो काढून घेतात, त्यांच्याकडे घरातली मोठी बाई दोघांच्या खांद्यांवरून एकच घोंगडी लपेटते. ती गवताची वेणी टोकाला पेटवून धूर ओंजळीने तोंडावर घेतात, आपण आरती घेतो तसा. दोन्हीकडची माणसं एकमेकांना द्यायचं ते देतात, पूर्वी घोडे द्यायचे, आणि कुणी कुणापुढे वाकत नाही. ते ऐकताना माझा हात थांबला होता. आणखी दोन रीती होत्या. जावयाने सासूच्या तोंडाकडे बघायचं नाही आणि सासूने जावयाच्या. त्यात राग नाही, मान आहे. आता तिकडेही फारसं कुणी पाळत नाही, पण त्याची आजी पाळते, म्हणून तो आजीसाठी पाळणार होता. दुसरी रीत तंबूची. नवरीच्या आईने मुलीला तंबू द्यायचा. तो तंबू बाईचा. नवऱ्याशी बिनसलं तर उचलून बाहेर जायचं ते नवऱ्याने.

"आई, बाईने नाही. नवऱ्याने," मुलगी दोनदा म्हणाली. तिला माहीत होतं ती कुणाला सांगते आहे.

तुम्हाला माझं लग्न आठवत असेलच. एरंडोलकडच्या आपल्या गावात, आपल्या दारापुढचा मांडव, वर आंब्याची पानं. लाह्या झाल्या आणि कानपिळी आली. दादा तेव्हा कॉलेजात जायचा, मिशी नुकती फुटलेली. मी हळदीच्या अंगाने पाटावर बसले आहे, डोळे खाली, आणि मला फक्त दादाचे पाय दिसतात. भटजी हसत म्हणाले, "पिळा जोरात, टोपी मिळेल." सगळे हसले. नवऱ्याचा कान हळूच पिळायचा, नवऱ्याकडच्यांनी टोपी-उपरणं द्यायचं, एवढाच तो खेळ. दादाने तो खेळ म्हणून केला नाही. त्याने कान धरला, खरोखरीचा पिळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला, "मन्ही बहिनले हात लावशी ना, त हाऊ कान मन्हा हातमा ऱ्हाई."

माझ्या बहिणीला हात लावलास तर हा कान माझ्या हातात राहील. कानपिळीचा अर्थ तोच तर आहे, आबा. सगळ्यांना ठाऊक असतो. तो तोंडाने बोलायचा नसतो, एवढीच दादाची चूक.

नवऱ्याकडचे काका उठले. "वरात परत नेतो," म्हणाले. "पोरगं आमच्या नवरदेवाला धमक्या देतं?" कुणीतरी नवऱ्याची मुंडावळी सोडायला लागलं. आणि मग तुम्ही उठलात. मला वाटलं, तुम्ही हात जोडाल. तुम्ही मांडवाचा एक बांबू उपसलात. त्याला गुंडाळलेली रंगीत पताका तशीच होती, ती पहिल्या फटक्याला फाटली. पहिला पाठीवर बसला, दुसरा खांद्यावर. दादा हात वर करत नव्हता. बाप मारतो आहे म्हणून तो उभा राहिला. तिसरा कानाच्या मागे बसला आणि तो खाली बसला, पाण्यात बसल्यासारखा हळू. तुम्ही थांबला नाहीत. तो आडवा झाल्यावरही बांबू वर जायचा आणि खाली यायचा. तुमचं धोतर सुटत आलं होतं, तोंडातून थुंकी उडत होती, आणि आख्खं गाव पत्रावळी हातात धरून बघत होतं. बांबू फुटला तेव्हा तुम्ही थांबलात. मग डोक्यावरची टोपी काढून नवऱ्याच्या काकांच्या पायावर ठेवलीत.

आईने माझ्या अंगाची उरलेली हळद वाटीतून बोटांनी निपटून दादाच्या कानामागे दाबली. पिवळ्यातून लाल येत राहिलं. भटजींनी पुढचे मंत्र सुरू केले. लग्न झालं. दादाला त्या कानाने परत कधी ऐकू आलं नाही.

तुमचा हिशोब मी त्या दिवशी समजले होते. वरात परत गेली असती तर पोरीचं काय, तिच्या पाठच्या चुलतबहिणींचं काय. एका मुलाची पाठ फोडली आणि एका मुलीचा संसार वाचवला. हे मी बरीच वर्षं असंच मांडत आले. पण आबा, तो संसार कसला होता ते ऐका. तुमचे जावई हात उचलायचे तेव्हा आधी माझा कान धरायचे. कान पिळत पिळत खाली बसवायचे आणि मग मारायचे. भाकरी करपली, शेजारणीशी बोलले, मुलगी झाली, कारण काहीही असो, कान तोच. "बोलाव तुझ्या भावाला. टोपी घेऊन ये म्हणावं." एकदा लाटणं मनगटावर बसलं, ते हाड अजून थंडीत दुखतं. एकदा पोळपाटावर तोंड आपटलं आणि दात कणकेत राहिला. मी कणीक टाकली नाही. दात काढला, धुतला, तेवढा भाग कापून उरलेल्याच्या पोळ्या केल्या. वाया कशाला घालवायची. हे मी हसत सांगते, पण तेव्हा हसले नव्हते.

पहिल्या वर्षीच मी तुमच्याकडे आले होते. ओठ फुटलेला, हातात नुसती पिशवी. तुम्ही ओट्यावर शेंगा सोलत होता. उठलात, जवळ आलात, मला वाटलं डोक्यावर हात ठेवाल. कानाखाली वाजवलीत. "नांदायला जमत नाही?" आई चुलीजवळून उठली तर तिच्याकडे नुसतं बघितलंत आणि ती बसली. दादा खळ्यात होता, त्याच्या ऐकू न येणाऱ्या बाजूला. मग तुम्ही स्वतः मला एसटीपर्यंत सोडलंत, तिकीट काढलंत, कंडक्टरला सांगितलंत, "जळगावलाच उतरू द्या, मध्ये नको." पिशवीत मूग घातले होतेत. आणि बांधावरच्या सागाचा पाट, पितळी फुलं ठोकलेला, लग्नात द्यायचा राहिला होता म्हणून, तो माझ्या मांडीवर ठेवलात. बस सुटली तेव्हा तुम्ही खाली बघत होता. मी त्या पाटावर सगळी वर्षं देवाची पूजा केली.

आता यंदाचं. तंबूसाठी मी ताडपत्रीवाल्याकडून पांढरं जाड कापड आणलं आणि घरच्या मशीनवर शिवलं. सुया मोडल्या. तुमचे जावई दारात उभे राहून म्हणायचे, "सर्कस लावतेस का? तिकीट किती ठेवलंस?" मी चित्रातल्यासारखा वर धुराला झरोका ठेवला, खाली कडेने नाड्या लावल्या.

पाहुणे आले. मुलगा, त्याची आजी आणि त्याची बहीण. मुलगा उंच, खांद्यावर वेणी, आजी लहानखुरी, सुरकुत्यांत हसणारी. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले आणि तो झटकन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मीही पदर ओढून घेतला. तुमचे जावई लालबुंद झाले. "हा कसला जावई? सासू दिसली की भिंत बघतो!" शेजारची अक्का पापड वाळत घालता घालता म्हणाली, "मग चांगलं शे की! आमना जावई तर सासूले पाह्यं की पहिलं ईचारस, आज काय गोड शे?" सगळ्या बायका हसल्या. आजीला अर्थ कळला नसेल, तरी ती सगळ्यात मोठ्याने हसली. तिने माझ्या पायांकडे बघितलं. मी जोडे घातले होते. तिने मान हलवली.

मुलीला सख्खा भाऊ नाही. कानपिळी मामाने करावी असं तिनेच ठरवलं. मी म्हटलं, तो येणार नाही. माझ्या लग्नानंतर दादा कुणाच्याच मांडवात गेला नव्हता, स्वतःच्या मुलाचं लग्न त्याने देवळात चार माणसांत लावलं. मुलगी गावी गेली आणि त्याच्या चांगल्या कानाशी बसली. काय बोलली ते मला माहीत नाही. लग्नाच्या दिवशी दादा धुतलेल्या पांढऱ्या सदऱ्यात हॉलच्या दाराशी उभा होता, आत येऊ की नको अशा पायांनी.

मी मुलीच्या मागे उभी आहे. धूर झाला, घोंगडी झाली, सप्तपदी झाली. दादा पुढे येतो. मला परत त्याचे पायच दिसतात, आता टाचा भेगाळलेल्या. तो बोलेल का? मला दोन्ही हवं होतं, त्याने बोलावं आणि बोलू नये. त्याने मुलाचा कान धरला. मुलगा उंच, म्हणून आपणहून खाली वाकला. दादाचा आवाज म्हातारा झालाय, पण शब्द तेच. "मन्ही भाचीले हात लावशी ना, त हाऊ कान मन्हा हातमा ऱ्हाई."

मुलीने इंग्रजीत सांगितलं. मुलगा वाकलेलाच काहीतरी बोलला आणि मुलगी हसत ओरडली, "मामा, तो म्हणतो धरूनच ठेवा, सोडू नका!" हॉल हसला. आजीने टाळी वाजवली. आबा, त्या वाक्यावर लोक हसले. इतकं सोपं होतं ते.

एकच माणूस हसला नाही. तुमच्या जावयांनी ते वाक्य ओळखलं. इतक्या वर्षांनी, पाहुण्यांपुढे, कॅनडावाल्यांपुढे परत तेच. त्यांनी बोहल्यावरचा पाट उचलला. तोच, तुमच्या सागाचा, पितळी फुलांचा. मी मुलीला त्यावर बसवलं होतं, माहेरचा म्हणून. "बहिऱ्या!" एवढंच ओरडले आणि दादावर धावले, त्याच्या न ऐकणाऱ्या बाजूने. दादाला कळलंच नाही. मुलाने बघितलं आणि तो मध्ये आला. पाट त्याच्या कपाळावर बसला. नारळ फुटल्यासारखा आवाज झाला. मुंडावळीचे मोती घरंगळले, रक्त भुवईवरून, डोळ्यावरून, पांढऱ्या घोंगडीवर. मुलगा गुडघ्यावर बसला. यांनी पाट परत वर केला.

मी यांच्या हातातून पाट हिसकावला. कसा ते विचारू नका, मनगटाचं ते दुखरं हाड कडकन वाजलं. आणि मी तो बोहल्याच्या कडेवर आपटला. तुमचा साग दुभंगला. पितळी फुलं उडाली. दीर येऊन यांना बाहेर घेऊन गेले. "येडी झाली का वहिनी? नवरा आहे तो!" दिरांचं तेच. कुणी वरात परत नेली नाही. आजी आपल्या जागेवरून उठलीसुद्धा नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली, काय करते ते.

हळदीची वाटी कोपऱ्यात होती. मी बोटांनी निपटली आणि मुलाच्या कपाळावर दाबली, वर पदर धरला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी जावयाला शिवले, त्याच्या तोंडाकडे बघते आहे. मी हात काढायला लागले. आजी काहीतरी बोलली. मुलगी रडता रडता म्हणाली, "राहू दे आई. ती म्हणते, सासूने जावयाच्या दुखण्यात हात लावला की ते बंधन सुटतं. आता बघायचं, बोलायचं." मुलाने एक डोळा उघडला, दुसरा रक्ताने चिकटलेला. मला बघितलं. त्याला मराठी एकच वाक्य शिकवलं होतं, नातेवाइकांशी बोलायला. तेच तो बोलला.

"जेवलात का?"

मी हसले आणि मग मला रडू आवरेना. पाच टाके पडले. टाके घालून येऊन ती दोघं सगळ्यांच्या पाया पडली आणि पंगत बसली.

जाताना मुलीने तंबूची गुंडाळी माझ्या पायाशी ठेवली. "आई, तिकडे माझं घर माझ्या नावावर आहे. हा तुझा. तंबू बाईचा असतो." दादा शेजारी उभा होता. त्याने गुंडाळी खांद्यावर घेतली आणि मला न विचारताच म्हणाला, "चाल बाई." आम्ही एसटीने गेलो, उलट्या दिशेने. माझं तिकीट मी काढलं.

तेव्हापासून मी आपल्या शेतात आहे, विहिरीजवळच्या कडुलिंबाखाली. दुपारी तंबूची भट्टी होते, मग कडेच्या नाड्या सोडून कापड वर गुंडाळते आणि झाडाखाली बसते. वहिनी रोज म्हणते, "घरात चला हो, लोक काय म्हणतील, नणंदेला रानात ठेवली." मी जेवायला जाते, निजायला इथेच. धाकटे दीर परवा मोटारसायकलवर येऊन गेले. "घर उघडंच आहे, मोठा भाऊ काही मनात ठेवत नाही, म्हणाला येऊ दे तिला." मी त्यांना ताक दिलं आणि सांगितलं, हेही घर उघडंच आहे, पण त्यांना इथे येऊ देणार नाही. दीर तंबूकडे बघत म्हणाले, "कायमचं का?" मी म्हटलं, कापड जाड आहे, मी स्वतः शिवलंय.

अक्षय्यतृतीयेची आखाजी झाली. दरवर्षी सासरच्या पितरांच्या घागरीशेजारी मी एक लहान तांब्या तुमच्यासाठी भरून ठेवायची, कुणाला न सांगता, कारण दादा तुमच्या नावाचं पाणी भरत नाही. यंदा तंबूत आईसाठी घागर भरली, वर खरबूज आणि सांजोऱ्या ठेवल्या, निखाऱ्यावर आगारीचा घास टाकला. तुमचा तांब्या घासून आणला होता. तो पालथाच ठेवला आहे.

हे पत्र मी पाकिटात घालणार नाही. तांब्याखाली ठेवीन. पण एक लिहायचं राहिलं आहे. पाट बोहल्यावर आपटला असं मी वर लिहिलं, सगळ्यांना तसंच सांगितलं. आबा, मी तो यांच्या डोक्यावर उगारला होता. मनगट कुणी धरलं नाही. सगळे बघत होते, तुमच्या वेळी बघत होते तसेच. हात खाली यायला लागला तेव्हा मला बरं वाटत होतं, फार बरं वाटत होतं, आणि मला तुमचं तोंड दिसलं, थुंकी उडणारं. आणि हात मध्येच कडेला वळला. मी वळवला नाही. कसा वळला ते मला माहीत नाही.

तुमचा हात कधी असा वळला होता का? एकदा तरी, दादा आडवा झाल्यावर, किंवा ओट्यावर मी आले तेव्हा, मारायच्या आधी क्षणभर? वळायला लागला होता आणि तुम्ही परत सरळ केलात, असंही असलं तरी चालेल. तसं काही असेल तर तांब्या सुलटा करून भरीन. नसेल तर तेही सांगा. उलट टपाली कळवा. पत्ता बदलला आहे. विहिरीजवळचा लिंब, तंबू, एवढं पुरेल. नावापुढे तुमच्या जावयांचं नाव घालू नका.